लेकरू हसतंय तोवर घरी वळा

राहनाळला आता इतक्या इमारती उठल्यात की जुन्या गावठाणातल्या आम्हा म्हाताऱ्यांना वरच्या मजल्यांवरची माणसं ओळखू येत नाहीत. कुणी खानदेशातली, कुणी साताऱ्याकडची, कुणी थेट उत्तर प्रदेशातून आलेली. नवरा ठाण्याला नाहीतर इथल्याच गोडाऊनमध्ये कामाला, सासू गावी, आई त्याहून लांब, आणि पदरात एक-दोन लहानगी. मी अंगणवाडीची सेविका होते म्हणून या पोरी अजून मला ‘बाई’ म्हणतात आणि भाजीच्या गाडीपाशी गाठून एकच विचारतात, ‘बाई, रविवारी पोरांना कुठं न्यायचं हो? इथं तर ट्रकांशिवाय काही नाही.’ त्यांना गाडीपाशी उभ्या-उभ्या जे सांगते, तेच इथं नीट बसून सांगते.

पोरींनो, कुठं न्यायचं ते मागाहून ठरवा. आधी कधी न्यायचं आणि कधी परतायचं ते ठरवा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तलाव, देऊळ, मॉल आणि मामाचं घर यांत फारसा फरक वाटत नाही. त्याला फरक पडतो तो भुकेचा, झोपेचा आणि शूचा. माझ्या सासूबाईंचं सगळं शास्त्र यातच होतं. तेव्हा इथं गोडाऊनं नव्हती, भाताची खाचरं होती. आवणीला जाताना त्या लेकराला घरीच पोटभर पाजायच्या, अंगणात शू करवायच्या आणि डोळे पेंगायला लागले की निघायच्या. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधली की पोर दोन तास गप. उपाशी लेकरू घेऊन उंबरा ओलांडायचा नाही, असं त्या बजावायच्या. आज झोळीच्या जागी बाबागाडी आली, पण क्रम तोच ठेवा. आधी पोट, मग शू, मग झोपेची वेळ बघून पाऊल बाहेर.

झोपेची वेळ बघायची म्हणजे काय, तर दीड-दोन वर्षांचं मूल दुपारी ज्या वेळेला झोपतं, ती वेळ प्रवासात जाईल असं बघायचं, गर्दीत जाईल असं नाही. बाराला झोपणाऱ्या पोराला साडेअकराला ठाण्याच्या दुकानात उभं केलंत आणि मग ते फरशीवर लोळलं, तर त्यात त्याचा काय दोष? सकाळी आठला निघा, साडेअकराला परतीच्या रिक्षात बसा. रिक्षात झोपलं तर झोपू दे. उन्हाळ्यात तर दुसरी वेळच नाही. आपल्याकडे खाडीची दमट हवा, घाम वाळत नाही. अकरा ते चार लहान मूल बाहेर काढायचंच नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. ठेवायचा तर ठेवा, पण लेकराला वाचवणार ते पाणी, सावली आणि सुती झबलं.

आता रस्ता. राहनाळमध्ये पोरं सांभाळायची म्हणजे निम्मं काम रस्त्याचंच आहे. मुंबई-ठाण्याची जकात या बाजूच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत लागत नव्हती, जमीन स्वस्त होती, बंदर आणि महामार्ग जवळ होते, म्हणून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडा, वळ अशी सगळी गावं बघता बघता गोडाऊनांनी भरली. मुंबईची जकात 2017 साली जीएसटी आल्यावर गेली, गोडाऊनं राहिली. त्यात ठाणे-भिवंडी रस्त्यावर मेट्रोचे खांब आले. तेव्हा आपली पोरं कंटेनरच्या चाकांशेजारून शाळेत जातात, हे धरूनच चालायचं.

ड्रायव्हर उंच बसतो. त्याच्या नाकासमोर, अगदी बंपरला लागून उभं असलेलं तीन फुटांचं पोर त्याला दिसत नाही, आणि गाडी मागे घेताना तर दिसायचा प्रश्नच नाही. म्हणून थांबलेल्या ट्रकच्याही पुढून किंवा मागून रस्ता ओलांडायचा नाही. तो थांबलाय असं आपल्याला वाटतं, त्याला निघायचं असतं. हे मुलांना गोष्टीसारखं सांगितलं की पटतं. मी अंगणवाडीत एका पोराला स्टुलावर बसवायची, त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा खोका धरायची आणि विचारायची, ‘खाली बसलेला मित्र दिसतो का?’ ‘नाही बाई.’ झालं, धडा संपला. चालताना आपण ट्रकच्या बाजूला, पोर भिंतीच्या बाजूला. आणि हात धरताना बोटं नाही, मनगट धरायचं. घामाने बोटं निसटतात आणि पोराला फुगेवाला नेमका पलीकडेच दिसतो.

गोडाऊनला आग लागली की आपल्याकडे माणसं गच्चीवरून, रस्त्यावरून बघायला जमतात, काहीजण कडेवर पोर घेऊन. भिवंडीत अशा आगी नव्या नाहीत. आत काय साठवलंय ते बाहेरच्याला ठाऊक नसतं, आणि जळलेल्या प्लास्टिकचा, रसायनाचा धूर छोट्या छातीला सोसत नाही. दारं-खिडक्या लावा, धूर जवळ असेल तर पोरं घेऊन वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हा. तमाशा बघणाऱ्यांत उभं राहू नका.

रिक्षाचंही सांगून ठेवते. ज्या बाजूला दांडी लावलेली असते त्या बाजूला पोर, मग आई, मग बाकीचे. शेअर रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या शेजारी पोराला मांडीवर घेऊन बसणं मला मुळीच मान्य नाही, कितीही घाई असो. आणि स्कूटर! पुढे उभं पोर, मागे आई, तिच्या मांडीवर दुसरं, हँडलला पिशवी, असा संसार अंजूरफाट्याच्या खड्ड्यांतून जाताना रोज दिसतो. 15 फेब्रुवारी 2023 पासून केंद्राचा नियम आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याच्या डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. नियम पोलिसासाठी पाळू नका. पुढे उभं राहिलेलं पोर ब्रेक लागला की थेट हँडलवर आपटतं. पट्ट्याला पैसे पडतात हे खरं, पण वाढदिवसाच्या केकलाही पडतात.

पिशवीबद्दल तरुण आयांचं एक चुकतं. पिशवी इतकी मोठी करतात की तीच सांभाळावी लागते. माझ्या मते पाणी, खाऊ, कपड्यांचा एक जोड, एक जुनं धुतलेलं सुती पातळ आणि ओआरएसची दोन पाकिटं एवढं पुरे. पातळाला हसू नका. ते अंथरता येतं, पांघरता येतं, उन्हात डोक्यावर घेता येतं, आडोसा करून अंगावर पाजता येतं आणि उलटी झाली तर पुसताही येतं. खाऊ म्हणजे तांदळाच्या भाकरीला तूप-साखर लावून केलेली गुंडाळी, केळं, खजूर, थोरल्यासाठी उकडलेलं अंडं. बाटलीतलं दूध उन्हात नासतं, ते बरोबर घेऊ नका. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नाही, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. आम्ही अंगणवाडीत हे सांगायचो आणि घरोघरच्या आज्या माझ्याशी भांडायच्या. मी स्वतः आजी झाले तरी तेच सांगते.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट फोडलं की सगळं एक लिटर स्वच्छ पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट ग्लासात, अर्धं परवा, असं करायचं नाही, त्याने मीठ-साखरेचं माप बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. जुलाब लागलेल्या पोराला हे घोट-घोट द्यायचं आणि दूध, मऊभात, पेज चालू ठेवायची. पोट रिकामं ठेवायला सांगणाऱ्या शेजारणीचं ऐकायचं नाही. डोळे खोल गेले, पोर पेंगलं, शू व्हायची थांबली, की घरगुती उपाय बंद, दवाखाना. गाडी मिळत नसेल तर 108. हा नंबर फोनमध्ये आजच घालून ठेवा, त्याच्या खाली 1098 घाला. तो मुलांच्या मदतीचा नंबर, 1996 साली मुंबईत सुरू झालेला, आता देशभर चालतो.

जुन्या चालीरीतींतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हेही विचारता तुम्ही. बाहेर निघताना तीट लावा, मला आवडते, गालावर नाही तर तळपायाला लावा. पण डोळ्यांत काजळ घालू नका. बाजारच्या काजळात शिसं असू शकतं आणि बोटाने घालताना डोळ्याला इजा होते ती वेगळी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कुठल्याही देवाचा प्रसाद असला तरी. जत्रेत कुणीही कौतुकाने बोट पुढे करतं, तेव्हा नाही म्हणायला लाजायचं नाही. कानात-नाकात तेल सोडू नका. मासळीचा काटा घशात अडकला की भाताचा गोळा गिळायला लावतात, तेही नको, काटा आणखी रुततो. तोंड उघडून दिसला आणि सहज निघाला तर ठीक, नाहीतर डॉक्टर. त्याआधीचा उपाय असा, की लहानग्याच्या ताटात बोंबील वाढा, मधला काटा काढून. खाडीची बोय चवीला कितीही गोड असली तरी तिचा तुकडा आधी आपल्या बोटांनी कुस्करून मगच पोराच्या तोंडात.

आमच्या आगरी गावांत राहायला आलात म्हणजे हळदीचं आमंत्रण येणारच. जा, जरूर जा. शेजारधर्म तिथेच जमतो. पूर्वी हळदीला धवलारीण धवले म्हणायची, बायका सूर धरायच्या आणि पोरं तिथेच आयांच्या मांडीवर झोपायची. आता बेंजो असतो, नाहीतर डीजे असतो, आणि पोटात धडधडतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला तिथं नेऊन स्पीकरच्या भिंतीपाशी बसायचं, हे मला बघवत नाही. कानाला आवाज जास्त आहे की नाही ते ओळखायला यंत्र लागत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज लेकराच्या कानाला जास्त आहे. संध्याकाळी लवकर जा, नवरदेवाला हळद लावा, जेवा, आणि वाजायला लागायच्या आत निघा. कुणी रागावत नाही. ‘पोर झोपायचंय’ हे कारण या गावात आजही मानलं जातं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा कायदा आहे म्हणे, पण त्या भरवशावर पोर नेऊ नका.

जत्रेचं आणखी वेगळं. गर्दीत न्यायच्या आधी लसींचं कार्ड काढून बघा. 2022 सालच्या अखेरीला मुंबईत, मालेगावात आणि आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली होती, आणि भोगलं ते बहुतेक लस अर्धवट राहिलेल्या लहानग्यांनी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. दोन्ही झाल्याशिवाय जत्रेच्या दाटीत पोर नेऊ नये, असं मी सेविका म्हणून सांगायची, तेच आजी म्हणून सांगते. आरोग्य केंद्रात जाणं हीसुद्धा सहल करता येते, बरं का. पोलिओच्या रविवारी आमच्या बूथवर यायची काही पोरं, डाव्या करंगळीवरची शाईची खूण दिवसभर सगळ्या गल्लीला दाखवत हिंडायची. लस टोचायची असेल तर ‘दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका. ‘चावल्यासारखं होईल, मग आपण केळं खाऊ’ असं सांगा. एकदा खोटं सांगितलंत की पुढच्या खेपेला पोर गेटपासूनच रडतं.

जत्रेत जाताना पोराच्या दंडावर पेनाने आपला फोन नंबर लिहा. नाव लिहू नका. नावाने हाक मारणारा माणूस पोराला ओळखीचा वाटतो. हरवलास तर जिथं आहेस तिथंच उभा राहा, आणि दुकानात बसलेल्या काकाला किंवा लेकरू कडेवर घेतलेल्या बाईला सांग, एवढंच शिकवायचं. ‘पोलिसाकडे जा’ हे ठीक आहे, पण चार वर्षांच्या पोराला पोलीस आणि वॉचमन यांत फरक कळत नाही. खेळण्यांत ते लुकलुकणारे, आवाज करणारे स्वस्त जिन्नस असतात ना, त्यांतले बटणासारखे सेल पोरं गिळतात. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल काही तासांत आतून जाळतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी मोठ्या दवाखान्यात धावायचं, ‘उद्या शीतून पडेल’ म्हणून वाट बघायची नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा, शेंगदाणे, फुटाणे, अख्खं द्राक्ष, हे चार-पाच वर्षांच्या आत हातात द्यायचं नाही. द्राक्ष उभं चिरून द्या. दाण्याचं कूट द्या. पळता-पळता तर काहीच खायला देऊ नका.

आता या सगळ्याला घाबरून घरात बसू नका. जवळपास न्यायला पुष्कळ आहे, फक्त पोराच्या उंचीवरून बघावं लागतं.

सगळ्यात स्वस्त सहल म्हणजे भिवंडी रोडची गाडी. अंजूरफाट्याजवळचं हे स्टेशन दिवा-वसई मार्गावर आहे. मुंबईच्या लोकलसारखी दाटी इथं नसते, पण गाड्या मोजक्याच, म्हणून जायच्या आधी परतीच्या गाडीची वेळ बघायची. हे विसरलं की सहलीची सजा होते. खारबाव, मग कामण रोड, मग जूचंद्र. खिडकीतून खाडी, शेतं, बगळे आणि पुढे तुंगारेश्वराचे डोंगर. पोराला ‘पुढचं स्टेशन कुठलं?’ एवढा खेळ पुरतो. जूचंद्रला टेकडीवर चंडिका देवीचं देऊळ आहे, पायऱ्या चढवेल तेवढ्या चढा, नाही चढवल्या तर खालूनच हात जोडा आणि परतीची गाडी पकडा. देवी समजून घेते. पाच वर्षांच्या आत तिकीट नाही. दोन स्टेशनं जाऊन आलात तरी पोर आठवडाभर आगगाडी काढत बसेल.

कामतघरचा वऱ्हाळादेवीचा तलाव तर हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी ऊन कललं की जा, देवीला जा, काठाने चाला. पण काळोख पडायच्या आत परता, पाण्याकाठी डास असतात, आणि डेंग्यूचा डास उजेड असतानाच चावतो, म्हणून लांब बाह्या घाला. डायपर तिथंच झुडपात टाकून येणाऱ्या आया मी पाहिल्यात. त्या तलावाचं पाणी भिवंडीच्या काही भागात प्यायला जातं. डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून घरच्या कचऱ्यात आणा. माशांना पाव टाकू नका म्हटलं तर मीच वाईट ठरते, म्हणून ते सोडून देते.

ठाण्याची तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलाव, पोरांना आवडतोच. नाव, भेळ, शेजारी कोपिनेश्वर महादेवाचं देऊळ. सोमवारची गर्दी टाळा. गडकरी रंगायतनला बालनाट्याला नेणार असाल तर चारच्या आतलं पोर अख्खं नाटक बसत नाही, हे आधीच धरा. कडेच्या खुर्च्या घ्या, मध्यंतरात निघायची मनाची तयारी ठेवा, पैसे वसूल करायला बसू नका. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण, जी पूर्वी दिलीप प्रभावळकर करायचे, तिच्याकडे बघून मोठी पोरं खदखदा हसतात आणि धाकटी आईच्या पदरात शिरतात. धाकट्याला आधी घरी सांगून न्या, की आतमध्ये एक काका बाईचं सोंग घेऊन येणार आहेत. भीती निम्मी होते.

आणि वज्रेश्वरी. मोठी सहल म्हटली तर माझं मत वज्रेश्वरीलाच. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला, 1739 च्या मे महिन्यात किल्ला पडला आणि मग हे देऊळ उभं राहिलं. थोरल्यांना ही गोष्ट सांगा. धाकट्यांसाठी तिथल्या पायऱ्या आहेत, 52. पाच वर्षांचं पोर मोजत-मोजत चढतं आणि दमलं असं म्हणायचं विसरतं. एका पायरीवर सोन्यासारखं कासव आहे, ते आधी कोण शोधतो बघू, असं लावून द्या. दीड वर्षाच्या पोराला मात्र कडेवरच घ्या. उतरताना बापाने पुढे राहावं, पोर आईकडे मागे असावं. पडलं तर पुढे पडतं, म्हणून.

खाली तानसा नदीच्या काठाला, अकलोलीला आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथं आया-बाया भक्तिभावाने पोरांना बुडवतात. कुंडा-कुंडाचं पाणी वेगळं असतं, एक कोमट, तर शेजारचं चटका देणारं. लहान मुलाची कातडी पातळ. जे आपल्याला ‘छान गरम’ वाटतं, ते त्याला पोळतं. दोन वर्षांच्या आत कुंडात उतरवूच नका. मोठ्याला न्यायचं तर आधी आपला कोपर बुडवून बघा, मग बादलीत काढून गार पाणी मिसळा आणि अंगावर घाला. पुण्य तेवढंच मिळतं. फरशी शेवाळलेली असते, तिथं पळायचं नाही. आणि पावसाळ्यात नदीच्या पात्रात पोरं खेळवायची नाहीत. वर तानसा धरण आहे, पाणी कधी वाढेल ते काठावरच्या माणसाला आधी कळत नाही. गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधीपाशी शांतता असते, पण दोन वर्षांच्या पोराकडून शांततेची अपेक्षा करून त्याला दटावत बसण्यात अर्थ नाही. नमस्कार करा आणि बाहेर या. वज्रेश्वरीच्या चैत्र अमावास्येच्या यात्रेला लहान पोर नेऊ नका, मंगळवारी-शुक्रवारी गर्दी असते, साधा बुधवार बघा. वाटेत शूची अडचण आली तर पेट्रोल पंपावर थांबा, तिथलं स्वच्छतागृह वापरायला पेट्रोल भरावं लागत नाही. किल्ली मागा, हक्काने मागा.

कुठंही गेलात तरी एक पाळा. पोर कंटाळायच्या आधी परता. पंधरा मिनिटं आधी सांगा, ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी’. आणि दोनदा म्हणजे दोनदाच. तिसऱ्यांदा ‘बरं, शेवटची’ म्हणालात की पुढच्या रविवारी तुमच्या शब्दाला किंमत नाही. रडारड झाल्यावर निघालं तर सगळ्यांच्या लक्षात ती रडारड राहते, तलाव नाही. माझा अनुभव असा, की आया निघायला तयार असतात. ‘एवढे पैसे खर्चून आलोय तर अजून थोडा वेळ’ हे बहुतेक वेळा बापाचं असतं.

रडलंच तर तिथं लोकांना बघून पोराला मारू नका. लोक बघतात आणि विसरतात. त्याला उचला, गर्दीतून बाजूला न्या, पाणी द्या, सावलीत बसा, काही बोलू नका. गप्प करायला मोबाईल हातात देणं मला पसंत नाही, पण दवाखान्याच्या लांब रांगेत किंवा अडकलेल्या गाडीत दिलात तर मी तुम्हाला वाईट आई म्हणणार नाही. फक्त जेवताना नको. मोबाईल बघत जेवणाऱ्या पोराला पोट भरल्याचं कळत नाही, हे मी वजनाच्या काट्यावर वर्षानुवर्षं पाहिलंय. कुणी फुगतं, कुणी वाळतं.

आम्हा म्हाताऱ्यांविषयीही एक सांगते. आजी-आजोबा बरोबर आले म्हणजे दोन हात जास्त मिळाले असं धरू नका. माझे गुडघे चढाला बोलतात, आणि पळणाऱ्या तीन वर्षांच्या पोरामागे मी धावू शकत नाही. आम्हाला झोपलेलं पोर द्या, भरवायचं पोर द्या, गोष्ट ऐकणारं पोर द्या. रस्त्यावरचं आणि पाण्याकाठचं पोर तुमच्याकडे ठेवा. दुपारी आम्हालाही पडायला जागा लागते. तसं तोंडाने सांगायला आम्ही लाजतो, म्हणून इथं लिहिलं.

शेवटचं बापांना. बाबांनो, महिन्यातून एक सकाळ आईला घरी ठेवून दोन्ही पोरं तुम्ही एकट्याने बाहेर काढा. पिशवी तुम्हीच भरा, तिला विचारून नाही. सुरुवात भिवंडी रोडच्या गाडीने करा, आणि निघताना परतीची वेळ बघून जा.